भाच्याच्या मनगटावरचे यंत्र

आम्ही बी.कॉम. झालो आणि खुर्चीला चिकटलो. पाण्याशी आमचा संबंध गावच्या विहिरीपुरता. समुद्राखाली घालायच्या यंत्राची चौकशी करण्याची पाळी आमच्यावर येईल, असे कोणी म्हटले असते तर आम्ही हसण्यावारी नेले असते. पण गेल्या वर्षी पाऊस सरता सरता आजऱ्याहून आमची धाकटी बहीण आली ती हाच प्रश्न घेऊन. "दादा, पोरगं दोन महिन्यांच्या पगाराचं घड्याळ मागतंय. हौस आहे का गरज, एवढं तू बघून सांग."

भाचा मालवणला असतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात पर्यटकांना पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली न्यायचे, मासे-प्रवाळ दाखवायचे आणि सुखरूप वर आणायचे, हे त्याचे काम. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात धंदा बंद. पर्यटक एकदाच खाली जातो, फोटो काढून घरी जातो. आमचा भाचा मात्र दिवसातून सहा-सात वेळा खाली-वर करतो. हा फरक आधी आमच्या ध्यानातच आला नव्हता.

त्यानेच तो समजावून सांगितला. "मामा, दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात, स्नायूंत विरघळतो. हळू वर आलो तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईने आलो तर त्याचे बुडबुडे होतात, सोड्याची बाटली एकदम उघडल्यासारखे." हे बुडबुडे सांध्यांत अडकले तर माणूस कळवळतो, मज्जारज्जूत अडकले तर लुळा पडतो.

आम्ही वाचनालयात बसून थोडे वाचले. हा आजार पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसला तो कामगारांत. नदीच्या तळाशी पुलाचे पाये खणताना पाणी बाहेर राहावे म्हणून बंद पेट्यांत दाबाची हवा भरत आणि मजूर त्या हवेत राबत. अमेरिकेत सेंट लुई येथील ईड्स पुलाच्या कामावर १८७० च्या सुमारास कितीतरी मजूर याने मेले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग हाही १८७२ मध्ये यानेच अंथरुणाला खिळला. पुढे १९०८ मध्ये हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने बोकडांवर प्रयोग करून किती खोल, किती वेळ आणि किती थांबत वर यावे याची कोष्टके छापली. आजचे डाईव्ह कॉम्प्युटर हा हिशेब मनगटावर क्षणाक्षणाला मांडतात. आमच्यासारख्या आकडेमोडीच्या माणसाला ते एकदम पटले. अंगात नायट्रोजन किती जमा, किती खर्च, शिल्लक किती, अशी ती खातेवहीच.

भाच्याच्या मालकाचे म्हणणे वेगळे होते. "आपण जातो सात-आठ मीटर. एवढ्याला कॉम्प्युटर कशाला?" उथळ पाण्यात धोका कमी हे खरे. पण दिवसभर पुन्हा पुन्हा खाली-वर होण्याचे काय? घाबरलेला पर्यटक झपकन वर उसळला की त्याला धरायला मागोमाग जावे लागते, त्याचे काय? मागच्या हंगामात एका शनिवारी संध्याकाळी काम आटोपून भाचा आंबोली घाटाच्या गाडीने घरी आला आणि रात्रभर खांदा दाबून बसला. टाक्या उचलून भरला असेल म्हणून बहिणीने तेल चोळले. ते कशाने दुखले हे आजही सांगता येत नाही. पण डाईव्ह झाल्यावर लगेच उंचावर जाऊ नये, दिवसात अनेक डाईव्ह झाल्या तर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास जाऊ द्यावेत, असा नियम आहे. सुमारे सहाशे मीटरपेक्षा उंच घाट चढतानाही हीच काळजी घ्यावी लागते. आंबोली आहे ६९० मीटर. हे आमच्या घरात कोणाला माहीत होते?

तेव्हा गरज पटली. पुढचा प्रश्न, कोणते घ्यायचे.

आम्ही सवयीप्रमाणे कागदावर रकाने पाडले. पहिला कौल आमचा चार्जिंगच्या यंत्राला होता. सेलचा खर्च नाही, मोबाईलसारखे लावले की झाले. शिअरवॉटर कंपनीचे पेरेग्रिन त्याने दुकानात पाहिले होते. रंगीत पडदा, ठळक आकडे, आणि वायर न खोचता नुसते तबकडीवर ठेवून चार्ज होते. वायरीच्या यंत्रांत धातूच्या टिकल्या उघड्या असतात. रोज गोड्या पाण्यात धुऊन पुसल्या नाहीत तर खारे पाणी त्या खाते. तबकडीवाल्याला ती कटकट नाही. पण किंमत ऐकून बहिणीने पदर तोंडाला लावला.

शिवाय भाच्याची खोली आम्ही पाहिलेली आहे. चार पोरे आणि भिंतीवर एक बोर्ड. चार मोबाईल, एक पंखा, एक पाणी तापवायची कांडी. रात्री कोणी आपली वायर काढून दुसऱ्याची लावली की सकाळी यंत्र अर्धमेले. कोकणातली वीज तर वाऱ्यावरची. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने खांब आडवे केले तेव्हा किती गावे कित्येक दिवस अंधारात होती. आणि आतली बॅटरी चार-पाच वर्षांनी दमली की यंत्र कंपनीकडे धाडावे लागते. हंगामात ते परवडणारे नाही.

दुसऱ्या रकान्यात बटणासारख्या सेलवर चालणारी यंत्रे. त्यांतही दोन जाती. काहींचा सेल सर्व्हिस सेंटरलाच बदलावा लागतो, ती आम्ही लगेच खोडली. क्रेसी कंपनीच्या लिओनार्डोला २४३० नंबरचा सेल लागतो, सुंटोच्या झूप नोव्होला २४५० नंबरचा. झाकण उघडून आपणच बदलायचा. मात्र झाकणाखालच्या रबरी रिंगेवर केस किंवा वाळूचा कण राहिला तर पाणी शिरून यंत्र बाद. आणखी एक गोम भाच्याने सांगितली. सेल काढला की काही यंत्रे आधीच्या डाईव्हचा हिशेब विसरतात. म्हणून सेल बदलायचा तो सुट्टीनंतर, सोमवारी सकाळी, पाण्यात उतरण्याआधी.

बाकीच्या सोयींची यादी लांबलचक होती. टाकीतला दाब बिनतारी दाखवणारे, होकायंत्राचे, नाडीचे ठोके मोजणारे. आम्ही एकेक विचारत गेलो, "हे तुला लागते का?" तो प्रामाणिकपणे "नाही मामा" म्हणत गेला. लागते काय? खोली, वेळ, किती मिनिटे उरली, मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त वेगाने वर आलो तर ओरडणारी शिटी, पाच मीटरवर तीन मिनिटे थांबण्याची मोजणी आणि विमान वर्ज्य असल्याचे चिन्ह. साध्या यंत्रात हे सगळे आहे.

मालकाने मध्येच उदारपणा दाखवला. एक यंत्र घेतो, चौघांनी आळीपाळीने वापरा. पण यंत्र ज्याच्या हातावर असेल त्याचाच हिशेब ठेवते. सकाळी एकाच्या आणि दुपारी दुसऱ्याच्या मनगटावर बांधले तर ते दोघांनाही खोटे सांगणार. एकाच्या पासबुकात दुसऱ्याच्या नोंदी करण्यासारखे ते आहे. हे आम्ही त्याला फोनवर शांतपणे सांगितले. तो म्हणाला, "मग तुमचं तुम्ही बघा."

आम्ही बघितले. निम्मे पैसे आमच्या पतपेढीतून, निम्मे बहिणीच्या बचत गटातून. लिओनार्डो घेतले. एकच बटण आहे, गार बोटांनीही दाबता येते. बरोबर दोन जादा सेल आणि एक जादा रिंग.

हंगाम सुरू झाल्यावर पहिल्याच शनिवारी रात्री बहिणीचा फोन. सुकटीची चटणी करून बसली होती, आणि पोराने कळवले होते की यंत्रावर विमानाचे चिन्ह अजून आहे, आज घाट चढत नाही, उद्या दुपारच्या गाडीने येतो. "दादा, एसटीला कुठलं आलंय विमान?" ती रागावून विचारत होती. आम्ही तिला पुन्हा पहिल्यापासून सोड्याच्या बाटलीचे सांगायला घेतले.