ज्यांना कुणी 'आप' म्हटलं नव्हतं

काठी, धुळवड

चि. ताईस,


आज पहाटे इथली होळी पेटली. रात्रभर ढोल, आणि उजाडता उजाडता तो उंच बांबू धगधगला. माझ्या शेजारी एक बुध्या, होळीचं व्रत घेतलेला माणूस, उभा होता. अंगभर पांढरी नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला सुके भोपळे आणि घुंगरं. पाय सुजलेले. कितीतरी दिवस तो जमिनीवर झोपतोय, अंघोळ नाही, घरसंसारापासून लांब. या व्रताला इथे पाळणी म्हणतात. त्याच्याकडे बघताना तुझा प्रश्न आठवला: नंदुरबार म्हटलं की हुतात्मा शिरीषकुमारपुढे आपल्याला एकही नाव का सुचत नाही?

नाव आहे, ताई. गुलाम महाराज. तळोदा तालुक्यातल्या मोरवडचा, आताच्या रंजनपूरचा, भिल्ल माणूस. 1937-38 मध्ये त्याने लोकांना सांगितलं की दारू सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा, सोमवारी आरतीला या. आणि एकमेकांना 'आप' म्हणा.

या शेवटच्या गोष्टीपाशी मी फार वेळ थांबतो. सावकाराच्या ओट्यावर आणि कचेरीच्या दारात ज्याला जन्मभर 'ए' आणि 'अरे' ऐकावं लागलं, त्या सालदाराला दुसरा सालदार हात जोडून 'आप' म्हणतो. भाषणाविना, झेंड्याविना. मला तर यात स्वराज्य आधी दिसतं आणि सुधारणा नंतर. आरतीला हजारो माणसं जमू लागली.

यात सरकारला खुपण्यासारखं काय होतं, असं तू विचारशील. 1878 च्या अबकारी कायद्याने मोहाची दारू घरी गाळणं गुन्हा ठरलं. पिणाऱ्याने मक्त्याच्या दुकानात जायचं, तिथला पैसा सरकारात जायचा, आणि उधारीपायी शेत सावकाराच्या वहीत. माणूस प्यायचाच थांबला की या साखळीतली पहिली कडी निसटते. काहीजण म्हणतात, ही शहरातून आलेली शिकवण. मला ते पटत नाही. पाळणी पाळणाऱ्या डोंगराला नेम कुणी शिकवायचा? तो त्याच्या अंगातच होता, महाराजांनी त्याला नवी दिशा दिली.

1938 च्या जुलैत महाराज गेले. काम भावाने, रामदास महाराजांनी पुढे नेलं. सरकारने त्यांना हद्दपार केलं, तरी माणसं त्यांच्यामागे जातच राहिली. 9 सप्टेंबर 1942 ला नंदुरबारच्या चौकात शिरीषकुमार आणि त्याचे सोबती पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. त्याला सहा महिनेही झाले नव्हते, तोच 2 मार्च 1943 ला तळोदा तालुक्यात रावलापाणीला रामदास महाराजांच्या अनुयायांवर गोळीबार झाला. पंधरा माणसं गेली. होळी तीन आठवड्यांवर आली होती. त्या वर्षी किती घरांतले ढोल खुंटीवरच राहिले असतील, हा विचार आज पहाटे डोक्यातून जाईना.

शिरीषकुमारचं मोठेपण तिळभरही कमी होत नाही. पण तो शहरातल्या चौकात पडला, वर्तमानपत्रं वाचणाऱ्या माणसांसमोर. रावलापाणीची माणसं नाल्यात पडली, आणि त्यांची आठवण पुढे नेणारे लोक लिहिणारे नव्हते. त्यांनी ती भजनात ठेवली. पुढे शहाद्यात अंबरसिंग महाराज भूमिहीनांसाठी उभे राहिले तेही अशाच भजनातून आलेले. तिथल्याच 1972 च्या श्रमिक संघटनेचं मूळ शोधताना तुझ्या वर्गातल्या मुलांना इथवर यावं लागेल.

रावलापाणीचे लोक खडकावरच्या गोळ्यांच्या खुणा अजून दाखवतात. मागच्या खेपेला मी एका खळग्यात बोट घातलं. पहिलं पेर आत गेलं. सोबतच्या म्हाताऱ्याने माझा हात हलकेच बाजूला केला आणि स्वतः त्या जागी कपाळ टेकवलं.

2 मार्चला तिथे दरवर्षी माणसं जमतात. पुढच्या वर्षी मुलांना घेऊन ये. वहाणा चांगल्या घाल, नाल्यात दगड फार आहेत. आणि तिथे कुणाशीही बोलताना 'आप' म्हण.

तुझा
मामा