आलापल्लीच्या रस्त्यावरची बोलेरो

९ मे, एटापल्ली
तेंदूचा हंगाम भरात आहे. पहाटेच निघालो. बायामाणसं दहाच्या आत पानांचे पुडे घेऊन फळीवर, म्हणजे पानं गोळा होतात त्या जागी, येतात आणि मोजणीला ग्रामसभेच्या वह्या हजर लागतात. गाडीत वह्या, ताडपत्री, पाण्याचे कॅन आणि मागे तांदळाचे कट्टे. कट्टे फळीवरच्या स्वयंपाकासाठी, पण गाडीलाही ते हवेच असतात. बोलेरोचा मागचा भाग कमानपाट्यांवर उभा आहे आणि पाटे घडवलेत ओझ्यासाठी. रिकामी गाडी खड्ड्यात उडते. दीड-दोन क्विंटल वजन पडलं की तीच रस्ता धरून चालते.

सुरजागडकडून लोहखनिजाचे ट्रक सारखे येतात, त्यामुळे या रस्त्याला मे महिन्यात रंग एकच, लाल. संध्याकाळी एअर फिल्टर काढून झटकला, ओंजळभर धूळ निघाली. हे काम मी कुणावर सोपवत नाही. इंजिन श्वास घेतं तो याच जाळीतून.

१२ मे, आलापल्ली
काल परतताना मागून डावीकडे धाडकन आवाज आला आणि गाडी त्या बाजूला बसली. पाट्याचं दुसरं पान मोडलं होतं. पंधरा वर्षं वाकून-वाकून लोखंड थकतं, वर हे खड्डे. तशीच हळूहळू आलापल्लीपर्यंत आणली.

मिस्त्रीने वाकून बघितलं नि म्हणाला, "मोठं पान शाबूत हाय जी, काही टेन्शन नाही." पुढचं सगळं मी शेजारी बसून पाहिलं. जॅक लावून चेसिसखाली लाकडी ठोकळे दिले. यू-बोल्ट गंजून धरले होते, त्यांवर डिझेल सोडून चहा होईपर्यंत थांबला, मग पान्याला पाइप लावून सोडवले. भंगारातल्या गाडीचं पान आणून मोडक्या पानाशेजारी जमिनीवर ठेवलं, दोघांची कमान डोळ्याने ताडली, सेंटर बोल्टमध्ये ओवलं. बोल्ट पूर्ण आवळले ते मात्र गाडी चाकांवर उतरवल्यावर. "वजन पडल्याशिवाय आवळलं तं ढिलं पडते. पन्नास किलोमीटर गेल्यावर परत आवळून घ्या भाऊ." दुपारी गाडी रस्त्यावर.

या गाडीचं खरं बळ मला इथे दिसतं. नाशिकला तयार होणारी बोलेरो २००० साली बाजारात आली आणि त्यानंतर बरीच वर्षं तिच्या मुळात फारसा बदल झाला नाही. स्वतंत्र चेसिस, मागे पाटे, मागच्या चाकांना जोर, आणि माझ्या २००९ च्या गाडीत साधं २५२३ सीसीचं डिझेल इंजिन. त्यामुळे आष्टीत, अहेरीत, सिरोंच्यात कुठेही तिचा सुटा भाग मिळतो आणि तो बसवणारा हातही मिळतो. नव्या गाड्यांना बिघाड शोधायला आधी संगणक जोडावा लागतो. तो संगणक चंद्रपूरला किंवा नागपूरला. सिरोंच्याहून चंद्रपूर म्हणजे अख्खा दिवस.

१९ मे
आष्टीकडे जाताना पुढच्या लोड ट्रकला ओलांडता येईना. त्रेसष्ट अश्वशक्ती. खालच्या गियरमध्ये ओढायला ती पुरते, पण साठच्या पुढे घाईने वेग घ्यायचा म्हटलं की पुरत नाही. समोरून दुसरा ट्रक, बाजूला धूळ. मागेच राहिलो. या गाडीत घाई करणं धोक्याचं आहे, हे मी नव्या चालकाला पहिल्याच दिवशी सांगतो.

२७ जून
पहिला मोठा पाऊस. धानाच्या बांध्यांमधून गेलेल्या कच्च्या वाटेवर गाडी रुतली. चारही चाकांना जोर असलेली असती तर निघाली असती. हिची मागची चाकं नुसती फिरतात आणि खोल जातात. गावातल्या पोरांनी ऐनाच्या फांद्या टाकल्या, मागे चौघे उभे राहिले, तेव्हा निघाली. उंच गाडी दिसली की लोकांना वाटतं कुठेही जाईल. उंची वेगळी, पकड वेगळी.

२१ जुलै, अहेरी
पर्लकोटा पुलावरून वाहते आहे, भामरागड तुटलं. दरवर्षीचंच आहे, पण दरवर्षी तितकंच छातीत धस्स होतं.

ताडगावच्या अलीकडच्या एका पाड्यावर बाळंतपणाच्या कळा सुरू झालेली बाई अडकली होती. रुग्णवाहिका नाल्यापलीकडे. खाटेची कावड करून तिला रस्त्यापर्यंत आणलं आणि तिथे आमची गाडी होती. मधल्या सीटवर तिला आडवं केलं. सासू खाली पाय ठेवायच्या जागेत बसून तिला धरून होती. नवरा आणि भाऊ मागच्या आडव्या बाकांवर, समोरासमोर. प्रत्येक खड्ड्याला ती कण्हायची आणि मी गाडी पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये घालायचो. उपजिल्हा रुग्णालयात पोहोचलो. रात्री मुलगी झाली, दोघी सुखरूप.

तेव्हापासून मागचे बाक डोळ्यांपुढून हलत नाहीत. त्यांना पट्टा नाही, डोक्याला आधार नाही. पुढे एअरबॅग नाही, एबीएस नाही. उंच अंगाची गाडी, वळणावर झुकते. तरी इथल्या प्रत्येक लग्नाला, प्रत्येक बाजाराला या बाकांवर माणसं कोंबून नेली जातात, कारण दुसरं साधन नसतं. गाडी मजबूत म्हणून माणसं निर्धास्त बसतात. चेसिस मजबूत आहे, आत बसलेलं माणूस नाही. हे मला ग्रामसभेत उभं राहून सांगावंसं वाटतं.

९ ऑगस्ट, गडचिरोली
नोंदणीची पंधरा वर्षं संपत आली, नूतनीकरणासाठी गाडी दाखवली. पाच हजार रुपये फी, शिवाय पर्यावरण कर. तपासणीत ब्रेक, दिवे, धूर बघितला. पाच वर्षं वाढली. ही गाडी विकून नवी घ्या, असं घरचे म्हणतात. दिल्लीत राहत असतो तर दहा वर्षांनीच ही डिझेल गाडी रस्त्यावरून काढावी लागली असती, आणि तिथल्या हवेसाठी ते योग्यच. इथे मी ती ठेवणार. मात्र रात्री आष्टीच्या पुढे न्यायची नाही, हेडलाइट पिवळट पडलेत आणि जनावरं रस्त्यावर असतात.

११ ऑगस्ट
मागचे दोन्ही बाक काढून टाकले. तिथे एक सपाट फळी, गादी आणि चार कड्या बसवायच्या, म्हणजे कट्टेही बांधता येतील आणि वेळ पडली तर स्ट्रेचरही. सुतार मंगळवारी येतो म्हणाला. पुढच्या ब्रेकच्या नळ्या मात्र त्याआधी बदलून घ्यायच्या.