माझी एक्सेल शीट आणि काकूंच्या पाटल्या

गेले दोन वीकेंड एका नव्या छंदात गेले. (बायकोच्या मते खुळात.) दारिद्र्यरेषा काढतात कशी, ते एक्सेलमध्ये स्वतः करून बघायचं, एवढंच.

मूळ काम आपल्या पुण्यातलं. गोखले इन्स्टिट्यूटच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली मांडलेलं. महिन्याला किती खर्च करणाऱ्या माणसाच्या पोटात दिवसाला २२५० कॅलरीज जातात, हे त्यांनी नमुना पाहणीच्या आकड्यांवरून शोधलं. उत्तर आलं, १९६०-६१ च्या भावाने खेड्यात माणशी १५ रुपये, शहरात २२.५०. पुढे समित्या आल्या, पद्धती बदलल्या. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी देशाची शहरी रेषा माणशी महिना १००० रुपये निघाली. एक गोष्ट मात्र तीच राहिली. घरात येतं किती हे विचारायचं नाही, खर्च किती होतो ते विचारायचं.

म्हटलं, एखाद्या खऱ्या घरावर टेस्ट करू. ऑफिसातला एक मित्र कफ परेडच्या मच्छीमार नगरातला. शनिवारी त्याच्याकडे जेवायला गेलो. इकडे होड्या आणि जाळी, मान वर केली की टॉवर. कोलंबीचं कालवण ओरपून झाल्यावर त्याच्या आईला विचारलं, "काकू, महिन्याला घरखर्च किती होतो?"

"कुठल्या महिन्याचा सांगू?"

झालं! पहिल्याच प्रश्नाला माझं मॉडेल अडकलं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. आवक थांबते, किराणा थांबत नाही.

मग काकूंनी २०१२ चा पावसाळा सांगितला. काका बोटीवर पडले, पायाचं ऑपरेशन झालं. बिल साठ हजार. बोट बंद, हातात पैसा नाही. काकूंनी पाटल्या गहाण टाकल्या. सोडवायला तीन वर्षं लागली.

रात्री घरी येऊन ते साठ हजार शीटमध्ये टाकले. पाहणीत हॉस्पिटलात भरती होण्याचा खर्च गेल्या ३६५ दिवसांचा विचारतात. म्हणजे भागिले बारा महिने, भागिले घरातली पाच माणसं. माणशी महिना बरोब्बर १००० रुपये. एक अख्खी दारिद्र्यरेषा! म्हणजे त्या वर्षी हे घर बाकी काहीही न खाता-पिता रेषेला टेकलं असतं. पाटल्या गेल्या, डोक्यावर कर्ज आलं, आणि माझ्या शीटने त्यांना वर चढवलं.

फॉर्म्युला दोनदा तपासला. बग नव्हता. खर्च म्हणजे सुबत्ता असं मी गृहीत धरलं होतं, आणि कॉम्प्युटर बिचारा सांगितलं ते करतो.

म्हणून मॉडेल फेकून द्यायचं का? मला नाही वाटत. लाखो घरांचा अंदाज एकेका काकूंना विचारून येत नाही. आणि दांडेकर-रथ रेषा काढून थांबले नव्हते. गरिबांना सार्वजनिक कामांतून रोजगार द्या, हे त्यांनी त्याच आकड्यांच्या जोरावर सांगितलं होतं. पण रेषेच्या वर दिसणारं प्रत्येक घर सुखात आहे, असं मी तरी आता म्हणणार नाही.

असो. शीटमध्ये एक नवा कॉलम टाकलाय: ‘हा पैसा आला कुठून?’ पुढच्या शनिवारी परत जातोय. काकूंनी बोंबलाचं कबूल केलंय.