मधले साडेतीन तास



तुम्ही बारशाला गेला असाल, तर तुम्हांला ठाऊकच असेल की बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा असतो. कुर्रर्र करायचं, नाव सांगायचं आणि मग पाठीवर सगळ्यांचे धपाटे खायचे! मीही एक आत्या आहे. पण माझा भाचा मस्कतला पाळण्यात पडला, त्या दिवशी ही आत्या मुंबईच्या विमानतळावर एका बंद झालेल्या काउंटरसमोर उभी होती. कशी, ते सांगते. चूक माझीच आहे, त्यामुळे लपवायचं काही कारण नाही.

गोष्ट २०२३ च्या जानेवारीतली. धाकट्या भावाचा फोन आला, ‘ताई, मुलगा झाला!’ आई लगेच डिंकाचे लाडू वळायला बसली आणि मी तिकिटं काढायला. आमच्या वाशीम जिल्ह्यात विमानतळ नाही. नागपूरहून आखाताकडे जाणारी विमानं मोजकीच. म्हणून नागपूर ते मुंबई एक विमान आणि मुंबई ते मस्कत दुसरं, असा बेत ठरला. दोन्ही प्रवासांचं मिळून एकच तिकीट मिळत होतं. पण वेगवेगळी दोन तिकिटं काढली तर माणशी अडीच हजार रुपये वाचत होते. मी हुशार! दोन वेगळी काढली. पहिलं विमान साडेआठला मुंबईत उतरणार, दुसरं बाराला उडणार. मध्ये साडेतीन तास. एवढ्या वेळात काय करायचं, असाच प्रश्न मला तेव्हा पडला होता.

इथे मला माझ्या बाबांबद्दल सांगायला हवं. मी तुमच्याएवढी होते तेव्हा आमचा वाशीम वेगळा जिल्हाही नव्हता, अकोला जिल्ह्यातच होता. जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. आमच्या गावावरून जाणारी रेल्वे तेव्हा मीटरगेज होती, म्हणजे दोन रुळांत एकच मीटर अंतर. अकोल्याहून मुंबईला जाणारा मार्ग ब्रॉडगेज, तिथे हेच अंतर १.६७६ मीटर. या रुळावरची गाडी त्या रुळावर जाणार कशी? म्हणून मुंबईला जायचं तर अकोल्याला उतरा, ट्रंका-वळकट्या उचला आणि पलीकडच्या फलाटावर जा. (आता तसं नाही. २००८ साली आमचाही मार्ग ब्रॉडगेज झाला.) दुपारची गाडी धरली तरी मुंबईची गाडी सहज मिळाली असती. पण बाबा हमखास सकाळचीच धरत. मग आम्ही भावंडं अकोल्याच्या फलाटावर तासन् तास बसून मालगाडीचे डबे मोजायचो आणि बाबांना हसायचो.

विमान बदलणं म्हणजे हेच, असं मी धरून चालले होते. या फलाटावरून त्या फलाटावर!

निघायच्या दिवशी मध्यरात्रीच घर सोडलं. शेलूबाजारजवळ समृद्धी महामार्गाला लागलो आणि वेळेच्या कितीतरी आधी नागपूरला पोचलो. काउंटरवरच्या ताईंनी आमच्या जड बॅगेला कागदी पट्टी लावली. पट्टीवर ठळक तीन अक्षरं होती, बी-ओ-एम. ही मुंबईची खूण बरं का! प्रत्येक विमानतळाला अशी तीन अक्षरी खूण असते, नागपूरची एन-ए-जी, मस्कतची एम-सी-टी. त्या पट्टीवर मस्कतची खूण नव्हती. म्हणजे बॅग मुंबईपर्यंतच जाणार होती, पुढे तिची काळजी आमची आम्हालाच. पट्टी स्पष्ट सांगत होती आणि मी बघून न बघितल्यासारखं केलं.

सातचं विमान नऊला दहा मिनिटं कमी असताना उडालं. मुंबईच्या विमानतळावर दोन मोठ्या धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि तिच्यावर दिवसाला नऊशेहून अधिक विमानांची ये-जा चालते! आम्हीही थोडा वेळ आकाशात घिरट्या घातल्या. खिडकीतून समुद्र दिसला, मग झोपड्यांची निळी छपरं, मग पुन्हा समुद्र. आई म्हणाली, ‘छान दिसते व!’ मी घड्याळ बघत होते.

उतरलो तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. बॅग पट्ट्यावर यायला आणखी अर्धा तास. नुसती हातातली पिशवी असती, तर हा अर्धा तास वाचला असता, पण लाडू होते ना! आमचं विमान उतरलं होतं सांताक्रूझच्या टर्मिनलवर आणि मस्कतचं सुटणार होतं सहारच्या टर्मिनलवरून. विमानतळ एकच, धावपट्टीही तीच, पण प्रवाशांच्या इमारती दोन आणि त्यांच्यामध्ये चार-पाच किलोमीटरचा मुंबईचा रस्ता. टॅक्सी सिग्नलला थांबली की मी मनातल्या मनात सिग्नलशी भांडत होते.

सहारला दारावर पासपोर्ट आणि तिकीट दाखवून आत धावलो. अकरा वाजून बारा मिनिटं. काउंटर अकरालाच बंद झालं होतं.

‘पण विमान तर बाराला आहे! अजून इथेच उभं आहे!’ मी म्हटलं. तिथले दादा शांतपणे म्हणाले, ‘हो मॅडम, पण तुमची बॅग आता जाणार नाही.’ तेव्हा रागच आला होता. मग थोड्या वेळानं, रडं ओसरल्यावर, त्यांच्याकडूनच समजून घेतलं. परदेशी विमानांचं काउंटर बहुतेक कंपन्या ६० मिनिटं आधी बंद करतात. त्या तासात बॅगा यंत्राखालून तपासल्या जातात, विमानाच्या पोटात नीट रचल्या जातात आणि कोणत्या बाजूला किती वजन झालं याचा हिशोब होतो. इकडे प्रवाशांना पासपोर्टवर शिक्का घ्यायचा असतो, सुरक्षेच्या रांगेत उभं राहायचं असतं आणि दूरच्या दारापर्यंत चालायचं असतं. थोडक्यात, बाराचं विमान खरं तर अकराचं असतं. आणि माझे साडेतीन तास मुळात अडीचच होते. त्यातले जवळजवळ दोन उशिरानं खाल्ले, उरले ते बॅगेनं आणि रस्त्यानं.

दोन्ही प्रवासांचं एकच तिकीट असतं, तर पहिलं विमान चुकवतं म्हणून पुढची सोय कंपनीनंच करून दिली असती. पण माझी तिकिटं दोन. पहिल्या कंपनीनं मला मुंबईला पोचवलं, तिचं काम झालं. दुसरीच्या लेखी मी वेळेवर न आलेली बाई. दोघींच्या मधल्या वेळेला वाली कोण? मीच! दुसऱ्या दिवशी पहाटेच्या विमानाची नवी तिकिटं काढली. वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट गेले.

आई काही बोलली नाही. बॅगेवर बसली, डब्यातून दशमी काढली आणि अर्धी माझ्या हातात दिली. ‘कायले रडतं? खाऊन घे आधी.’

संध्याकाळी अंधेरीला मावसबहिणीच्या घरी आम्ही फोनसमोर बसलो. मस्कतला सात वाजले होते, आपल्याकडे साडेआठ. मस्कतचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं. भावानं फोन बाळाच्या कानाशी धरला. मी कुर्रर्र केलं, नाव सांगितलं. मध्येच आवाज तुटला. पुन्हा सांगितलं. बाळ गाढ झोपलेलं होतं. धपाटे मारायला जवळ कुणीच नव्हतं, म्हणून मावसबहिणीनं एक मारला. चांदीचे वाळे आईच्या पिशवीतच होते.

त्या रात्री आईनं मला बारा वाजताच उठवलं.

पुढच्या वर्षी भाच्याच्या पहिल्या वाढदिवसाला पुन्हा निघालो. या वेळी तिकीट एकच, दोन्ही विमानं सहारच्याच टर्मिनलवर आणि मध्ये तब्बल सहा तास. (तुमच्या घरी कुणी असा बेत करत असेल, तर तिकिटावर कुठला विमानतळ आणि कुठलं टर्मिनल लिहिलंय ते त्यांना मोठ्यानं वाचायला लावा. आता तर नवी मुंबईचाही विमानतळ झाला आहे. २०२५ च्या डिसेंबरात तिथून विमानं उडू लागली. तो खाडीपलीकडे आहे, सहारला काय, टॅक्सीनं धावत सुटायचं अंतरच नाही!)

नागपूरला काउंटरवर मी तोंड उघडायच्या आत आईनंच विचारलं, ‘बाई, ही बॅग कुठवर जाईन?’

‘थेट मस्कतला, आजी.’

आईनं पट्टीवरची अक्षरं बोट लावून बघून घेतली.

परतताना मात्र गंमत झाली. बॅगेला नागपूरची पट्टी होती, म्हणून मी मुंबईत सरळ पुढे निघाले होते. आईनं हात धरला. मुंबईला उतरल्यावर बॅग ताब्यात घ्या, असं तिनं मस्कतच्या काउंटरवर नीट ऐकलं होतं. परदेशातून आल्यावर बहुतेक वेळा देशातल्या पहिल्याच विमानतळावर बॅग घेऊन कस्टमसमोरून जावं लागतं आणि मग ती पुढच्या विमानासाठी परत द्यावी लागते. बॅग पट्ट्यावर फिरतच होती.

मग नागपूरच्या विमानाला चार तास होते. आम्ही काचेजवळ खुर्च्या धरल्या. बाहेर एकामागून एक विमानं उतरत होती आणि आई ती बोटांवर मोजत होती. अकरा झाल्यावर म्हणाली,

‘तुझे बाबा असते ना, तं त्यायनं अजून एक गाडी आधीची धरली असती.’