तास धरून चाला

माझगावात मूल हरवायला जागाच नाही. म्हातारपाखाडीच्या गल्ल्या वेड्यावाकड्या खऱ्या, पण लाकडी जिन्याच्या एखाद्या घरातून कोणी ना कोणी बघत असतंच. जोसेफ बाप्टिस्टा उद्यान तर टेकडीवर. तिथून गोदीतल्या क्रेन, नांगरलेली जहाजं, सगळं एका नजरेत येतं. माझगावचा आंबा एकेकाळी नावाजलेला होता. आता इथल्या पोरांना उभं पीक ठाऊक नाही. कणीस भेटतं ते पावसाळ्यात, निखाऱ्यावर, लिंबू-तिखट चोळलेलं.

म्हणून पौष लागला की आम्ही मंगळवेढ्याला मामांच्या शेतावर हुरड्याला जातो. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस, सकाळी सोलापूर, पुढे एसटी. एसटीच्या खिडकीतून लांबवर झाड दिसत नाही; दिसते ती काळी जमीन आणि तिच्यावर ज्वारी. परतीच्या पावसानं जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीवर हे पीक येतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण मामांच्या बोलण्यात त्याचा अभिमान कमी आणि यंदा ओल किती खोल गेली याचीच काळजी जास्त. शेतात सगळी मालदांडी; हुरड्यापुरती गुळभेंडी बांधाच्या कडेला वेगळी पेरलेली.

ज्वारी माणसाच्या डोक्यावरून जाते, तिथं आठ वर्षांच्या भाचीची काय कथा! आत शिरण्याआधी मामांनी पोरांना एवढंच सांगितलं, ‘‘तास धरून चाला. आडवं घुसू नका, ताटं मोडतात. बांध येतोय आपोआप.’’

मी भाचीच्या मागोमाग शिरलो. दहा पावलांत बांधावरची माणसं बोलायची थांबली असं वाटलं. ती बोलतच होती, आवाज पानांनी गिळला होता. पानाची कड मनगटाला चरचरत जाते. दवानं बाह्या कोपरापर्यंत भिजतात. वर आभाळाची एक चिंचोळी पट्टी, दोन्ही बाजूंना ताटांमागे ताटं, आणि कुठंही वळून पाहिलं तरी तेच. मध्येच भोरड्यांचा थवा कणसांवरून उठला, सगळा एकदम, आणि पोरगी जागच्या जागी थबकली. ‘‘आजोबाऽऽ!’’ तिनं हाळी घातली. लांबून नुसता ‘‘ओऽऽ’’ आला. इकडे ये, तिकडे वळ, काही नाही. मला ते फार आवडलं. तिनं खाली पायाशी पाहिलं, तास सापडला, आणि ती पुन्हा चालू लागली.

तास म्हणजे पेरणीची ओळ. तिफणीला तीन फण. चाड्यावर मूठ धरली की बी नळ्यांतून उतरत तीन ओळींत पडत जातं. ओळीओळीत हात-दीड हात अंतर. हल्ली ट्रॅक्टरमागची पेरणी आली, तरी ओळ सरळ, या बांधापासून त्या बांधापर्यंत. म्हणजे पेरणाऱ्यानं आश्विनातच वाट आखून ठेवलेली असते. दिसत नाही एवढंच.

माझी मामेबहीण न्यू जर्सीत असते. ऑक्टोबर आला की तिथं ती पोरांना मक्याच्या भूलभुलैयात नेते. तिकीट काढून, हातात नकाशा घेऊन. हा खेळ आजच्या रूपात सुरू झाला 1993 साली, पेनसिल्व्हेनियात ॲनव्हिल गावी. पहिल्याच वर्षी शेतात डायनोसॉर कोरला होता. अशा शेतात मका बरेचदा उभा आणि आडवा, दोनदा पेरतात, म्हणजे ओळीचा सुगावाच लागत नाही. रोपं लहान असतानाच वाटा कापून घेतात. तिनं पाठवलेल्या फोटोत पोरांचे गाल लाल आणि डोळे भेदरलेले, आनंदलेले. अगदी भाचीसारखे. उंच पिकात शिरलेलं पोर कुठंही तसंच दिसत असावं. तरी मला विचाराल तर मी मंगळवेढ्याकडेच झुकेन. इथं शेत खायला पेरलंय. हरवणं हे मधल्यामध्ये मिळालेलं सुख आहे, आणि पोराच्या पायाखाली एकही ताट मोडता कामा नये हा धाक त्या सुखातच मिसळलेला आहे. आपल्यापेक्षा उंच आणि जिवंत असलेल्या गोष्टीतून जपून चालायचं, हे माझगावात मी तिला कुठं शिकवणार होतो?

भाची पलीकडच्या बांधावर बाहेर पडली. केसांत तूस, बाहीला चिकटलेला हिरवा पाला. ‘‘परत जाऊ?’’

पण आगटी पेटली होती. गोवऱ्यांच्या विस्तवात कणसं खुपसायची, दाणे फुलले की गरम गरम हातावर चोळायची. मामींचा तळवा इतका निबर की वाफ निघत असतानाच ओंजळ भरते. आमचे हात पोळतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. दाणा दाताखाली आला की आधी दूध, मग गोडी. कोणी फार बोलत नाही. मामींनी ‘‘घ्या’’ म्हटलं की हात पुढे होतात.

या पौषात न्यू जर्सीची मंडळी येणार आहेत. मामांनी गुळभेंडीचे चार तास जास्त पेरलेत.