इस्रायल आळीतील एक घर

मुंबईहून लाँचने मांडव्यास उतरून अलिबागला येणारा प्रवासी बहुधा कुलाबा किल्ल्याच्या ओढीने आलेला असतो. ओहोटीची वेळ साधून तो चालत किल्ल्यात जातो, भरतीपूर्वी परततो, वाळूत बसून शहाळे पितो आणि संध्याकाळी माघारी फिरतो. गावातील इस्रायल आळीकडे त्याची पावले क्वचितच वळतात. माझी वळली, ती माझ्याच एका चुकीमुळे.

काही वर्षांपूर्वी बेने इस्रायल समाजावरील एका लेखाचे मी मराठी भाषांतर केले आणि त्यात त्यांच्या प्रार्थनामंदिराला बिनदिक्कत 'गिरिजाघर' म्हटले. अंक निघाल्यावर अलिबागहून एक पोस्टकार्ड आले. "आमची वडीलधारी मंडळी प्रार्थनामंदिराला मशीद म्हणत. आपण त्याचे गिरिजाघर केलेत. आता कोणी देऊळ म्हटले की सर्वधर्मसमभाव पुरा झाला! एकदा स्वतः येऊन पाहावे. आमची मुले आपल्याला सारे समजावतील. मला ती रोजच समजावीत असतात." असे निमंत्रण नाकारणारा संपादक विरळा. तरीही जाणे लांबत गेले, आणि अखेर एका सप्टेंबरात, पावसाळ्यात बंद असलेल्या लाँच पुन्हा सुरू झाल्यावर, शुक्रवार पाहून मी निघालो.

'मागेन आबोथ' हे इस्रायल आळीतील प्रार्थनामंदिर १८४८ साली स्थापन झाले. आजची वास्तू १९१० सालची आहे. या समाजाची परंपरा सांगते, की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना नवगावीच मूठमाती दिली गेली. वाचलेले कोकणात रुजले, गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून 'शनिवार तेली' म्हणून ओळखले गेले. ज्या गावी राहिले त्या गावाचे आडनाव झाले : रोहेकर, पेणकर, किहीमकर, दिवेकर, चेऊलकर. 'बूट पॉलिश' या १९५४ सालच्या चित्रपटातील प्रेमळ जॉनचाचा ज्यांनी रंगविला ते नट डेव्हिड हे चेऊलकरच. धर्म यहुदी, भाषा मराठी, आणि सणांची नावे अशी की कोकणातल्या कोणत्याही आजीला ती आपलीच वाटावीत. वर्षारंभाचा तो 'नव्याचा सण', मग 'खिरीचा सण', प्रायश्चित्ताच्या उपवासाचा 'दारफळणीचा सण', आणि जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले त्या शोकदिनाला 'बिरड्याचा सण'; कारण त्या दिवशी वालाचे बिरडे व्हायचे!

पोस्टकार्डवाले गृहस्थ एका पतसंस्थेत हिशेबनीस. मुले तीन. थोरली अकरावीत, मधला मुलगा तेरावे वर्ष संपवीत आलेला, आणि धाकटा पहिलीत. मी पोहोचलो तेव्हा गृहस्थ ओसरीवर बसून पत्र लिहीत होते. दरवर्षी नव्याच्या सणापूर्वी ते इस्रायलमधील अश्दोद येथे स्थायिक झालेल्या आपल्या थोरल्या बंधूंना घरचे सविस्तर वृत्त कळवितात. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक टप्प्याटप्प्याने तिकडे गेले. अश्दोद, लोद, दिमोना, बीरशेबा येथे मराठी बोलणारी घरे झाली. बंधूंच्या नातवंडांना मराठी थोडेफार कळते, वाचता मात्र येत नाही; म्हणून आजोबा पत्र मोठ्याने वाचतात. "तेव्हा लिहिताना जरा नाटक घालावे लागते," असे सांगून यजमानांनी मला मजकूर वाचून दाखविला. तिन्ही मुले भोवती बसून हरकती नोंदवीत होती.

"चि. धाकटा यंदा लिहू लागला. शाळेत मराठी डावीकडून उजवीकडे, घरी हिब्रू उजवीकडून डावीकडे. परिणामी त्याच्या वहीत दोन्ही भाषा मध्यभागी येऊन एकमेकींवर आदळतात. बाईंनी शेरा दिला : पाल्याने एकच बाजू धरावी. मी उलट कळविले, की हिशेबनिसाच्या मुलाला जमा आणि खर्च या दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतात."

"पेसाहच्या रात्री रीतीप्रमाणे सर्वांत लहान म्हणून त्यानेच चार प्रश्न विचारले. पाचवा त्याने पदरचा घातला : आपण मिसर देशातून निघालो, तर अलिबागला कोणत्या गाडीने आलो? मी म्हटले, गलबताने. तो म्हणाला, मग समुद्र दुभंगला कशाला, गलबत होते ना?" (त्या रात्री वाचावयाची पोथी, हग्गादा, मराठी भाषांतरासह व चित्रांसह १८७४ साली पुण्यास छापली गेली होती. तिच्या भाषांतरकारांनाही घरी असा एखादा पहिलीतला श्रोता असेल काय, असे माझ्या मनात आले. आमच्या व्यवसायाला त्याची फार गरज असते.)

"चि. मधल्याची एका कोळ्याच्या मुलाशी दाट मैत्री आहे. दोघे मिळून खडकात कुर्ल्या पकडतात. आपल्याला पंख व खवले असलेलाच मासा चालतो, तेव्हा सगळ्या कुर्ल्या मित्राच्या घरी जातात. त्या माउलीने आता उलट हिशेब ठेवला आहे : दहा कुर्ल्यांस एक पापलेट. मुलगा माझ्यापेक्षा चांगला हिशेबनीस होणार."

येथे मधल्याने हरकत घेतली, की दर बारा कुर्ल्यांचा आहे. दुरुस्ती झाली.

याच मधल्यावर सध्या साऱ्या घराची नजर आहे. सामुदायिक प्रार्थनेतील काही भाग म्हणावयास आणि तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, बाहेर काढून वाचावयास निदान दहा प्रौढ पुरुष हजर असावे लागतात. मुलगा तेराव्या वर्षी प्रौढ गणला जातो. आळीत आता मोजकीच घरे उरली आहेत. सणासुदीला मुंबई-ठाण्याहून मंडळी येतात तेव्हा जागा पुरत नाही. एरवी दहाची संख्या भरताना मारामार. वाढदिवस मानावयाचा तो हिब्रू पंचांगाने. हे पंचांग चांद्र, आपल्या अधिकमासासारखा एकोणीस वर्षांत सात वेळा जादा महिना घेणारे. त्यामुळे मुलाला शाळेच्या दाखल्यावर एक वाढदिवस आणि घरी दुसरा. मधल्याचा घरचा वाढदिवस हेश्वान महिन्यात, म्हणजे अजून सहा आठवडे दूर होता. "शाळेत घालताना वय वाढवून सांगणारे बाप मी पाहिले आहेत," यजमान म्हणाले, "मला आज त्यांचे मन कळते."

सूर्य कलला तशी लगबग उडाली. शब्बाथ सुरू झाला की शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत लेखणी हाती धरावयाची नाही. पत्र अर्धेच राहिले. घरच्या बाईंनी काचेच्या पेल्यांत पाणी, त्यावर खोबरेल आणि वात अशा ज्योती लावल्या, आणि आम्ही प्रार्थनामंदिरात गेलो.

माणसे अंकांनी मोजू नयेत असा त्यांच्यात संकेत आहे. म्हणून दहा शब्दांचे एक शास्त्रवचन म्हणत एकेकाकडे पाहावयाचे. शेवटच्या शब्दाला माणूस मिळाला की संख्या भरली. हे काम मधल्याकडे होते. तो एकेक शब्द पुटपुटत एकेका वृद्धाकडे पाहत गेला आणि नवव्या शब्दावर थांबला. सर्वांची दृष्टी दाराकडे. नेहमी येणारे एक आजोबा औषधोपचारासाठी मुंबईला गेलेले. थोडा वेळ वाट पाहिली. मी तिथे बसलो होतो, पण माझ्या असण्याने काही होणार नव्हते. आणि मधला उभा होता, तो सहा आठवड्यांनी कमी होता. अखेर दहांवाचून जेवढी करता येते तेवढी प्रार्थना झाली. दिवंगतांसाठी म्हणावयाचा 'कद्दीश' राहिला. एका वृद्ध गृहस्थांच्या पत्नीचे निधन होऊन थोडेच महिने झाले होते. ते टोपी सारखी करीत उठले आणि मधल्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "लवकर वाढ रे बाबा."

घरी बेदाण्यांच्या सरबतावर आशीर्वाद म्हटला गेला, चपात्या मोडल्या गेल्या, नारळाच्या दुधातले कोंबडीचे कालवण वाढले गेले. मांसाबरोबर दुधाचे पदार्थ चालत नाहीत. अशा वेळी कोकणचा नारळ सारे सांभाळून घेतो. यजमान मात्र नेहमीसारखे बोलत नव्हते. थोरलीला बारावीनंतर काकांकडे जाऊन परिचारिकेचे शिक्षण घ्यावयाचे आहे, हे मला पत्रातूनच कळले होते. 'परतीच्या तिकिटासह पाठवीन' असे त्यांनी त्यात थट्टेने लिहिले होते. तो विषय आता पुन्हा निघाला.

"सगळेच गेले तर इथे दहा व्हायचे कसे?" ते म्हणाले.

थोरली पाण्याचा तांब्या ठेवीत म्हणाली, "पप्पा, मी गेले तर दहातला एक कमी होत नाही, आणि राहिले तर वाढतही नाही. मला मोजतंय कोण?"

तिच्या स्वरात राग नव्हता. परंपरेप्रमाणे त्या दहांत पुरुषच धरले जातात, हे तिने एक साधी वस्तुस्थिती म्हणून सांगितले. धाकट्याने "मी मोजतो" म्हणून बोटे उघडली. त्याला आईने गप्प केले. यजमान बराच वेळ ताटातला भात कालवीत राहिले. हजरजबाबी मनुष्य, पण त्या रात्री त्यांना उत्तर सुचले नाही. मला वाटते, ते शोधण्याचा त्यांनी प्रयत्नही केला नाही, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटला.

शनिवारी सारा दिवस संथ गेला. संध्याकाळी धाकट्याने अंगणात जाऊन तीन तारे दिसल्याची वर्दी दिली (तिसरा तारा म्हणजे बहुधा विमान असावे), आणि पत्राची पाने पुन्हा बाहेर आली. यजमानांनी 'परतीच्या तिकिटासह' या शब्दांवर रेघ ओढली. मग लेखणी थोरलीच्या हाती देऊन म्हणाले, "तुझ्याविषयीचं तूच लिही. मी वाचणार नाही."

तिने दीड पान लिहिले. त्यांनी खरोखरच वाचले नाही. पाकिटात घालताना डोळे मिटल्याचे नाटक तेवढे केले. मधल्याने खाली ताजा कलम जोडला : "काका, हेश्वानमध्ये या. मी धरून दहा होतात, पण आणखी कोणी मुंबईला गेले तर तुम्ही लागाल."

रविवारी सकाळच्या लाँचने मी निघालो. पत्र मुंबईहून टाकावयास माझ्याजवळ दिले होते. मोबाइलवर फोटो काढून पाठविले असते तर क्षणात पोहोचले असते, असे मी म्हटले. "दादाला पाकीट फोडायची सवय आहे," यजमान म्हणाले. पत्ता थोरलीने हिब्रूत आणि इंग्रजीत लिहिला होता. कोपऱ्यात धाकट्याने मराठीत, उजवीकडून डावीकडे, 'अलिबाग' असे लिहिले होते.