सहा पाकळ्या

आईचा हात थरथरू लागला त्या वर्षीच आमचा रांगोळीचा डबा माळ्यावर गेला. तेव्हापासून दिवाळीत उंबऱ्यापुढे छापील रांगोळीचा कागद चिकटवला जातो. आई त्याच्याकडे पाहतसुद्धा नाही. म्हणून यंदा मी एक उद्योग आरंभला. चिरंजीवांची विनवणी करून पायथन ही संगणकाची भाषा जेमतेम शिकून घेतली आणि पडद्यावर रांगोळी काढायला बसलो.

या भाषेत एक कासव आहे. सांगाल तिकडे ते चालते आणि मागे रेघ सोडते. त्याला ३६० अंश फिरवायचे आणि केंद्रापासूनचे अंतर कोनाच्या कोसाइनवरून ठरवायचे, की फूल तयार! ग्वीदो ग्रांदी नावाच्या इटालियन भिक्षूने १७२८ साली या फुलांवर चक्क पुस्तक लिहिले. कोन पाचाने गुणला की पाच पाकळ्या. चाराने गुणला की मात्र आठ. विषमाला तितक्याच, समाला दुप्पट. (असा हिशेब मी कचेरीत केला असता तर नोकरी गेली असती.)

आईला खुर्चीवर बसवून मी ऐटीत विचारले, "बोल, किती पाकळ्या?"

"सहा. लक्ष्मीपूजनाला मी सहाचंच काढायची."

झाली का पंचाईत! सहाने गुणावे तर बारा, तिनाने गुणावे तर तीन.

"आठ चालतील?"

आई बोलली नाही. पडद्यावर तीन पाकळ्या उमटत होत्या, तिकडे तिचे डोळे लागले होते.

"अरे, तुझं कासव नुसतं गिरवत बसलंय! तीन झाल्या, तरी त्याच वाटेनं पुन्हा फिरतंय."

खरेच की! कोसाइन उणे झाला की कासव उलट दिशेला जाते आणि समोरच्या पाकळीची जागा अडवते. फेऱ्या सहा, पाकळ्या तीन. मी उणे चिन्ह सोडून द्यायला सांगितले, आणि रिकाम्या राहिलेल्या तिन्ही जागा फुलल्या. कोनाबरोबर रंग बदलत ठेवला होता. निळ्यातून शेंदरी होत फूल पुरे झाले.

आई बराच वेळ पाहत राहिली. खोड निघणार, हे मला ठाऊकच होते.

"मधे ठिपका नाही घातलास."

"घालतो."

"नको. कागदावर उतरतं ना हे? मग उतरव, आणि माळ्यावरचा डबा काढून दे. ठिपका मी घालीन. तेवढा हलला तरी चालतो."